मिस्सा चुकवू नका, फक्त मनावर घेऊ नका

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा पोरांनो, चर्च सोडायचं नाही. सोडणारा माणूस लई डेंजर असतोय, कारण सोडायला विचार करावा लागतो आन् एकदा विचार सुरू झाला की तो कुठं जाऊन थांबंल याचा नेम नाही. देव आहे का, असला तर त्याला माझ्याकडून काय पाहिजे, बीएस्सी होऊन मी वाळूजच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर नाइट शिफ्ट करायलोय ती कामून... असले प्रश्न पडायला लागतात. आपल्याला ते नकोत. आपण दर रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचं, फक्त टाइमवर जायचं नाही.

प्रवचन सुरू झालं की बाहेर गाड्यांपाशी यायचं, ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या टायमाला आत शिरून रांगेत लागायचं. घरी मायनं विचारलं फादर काय बोलले, तर "प्रेमाबद्दल" म्हणा, बहुतेक वेळा बरोबर निघतं.

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार, झालाय ना? बास मग. बिशपसाहेबांनी कपाळाला तेल लावलं, फोटो निघाले, मटण झालं, कोर्स कम्प्लीट. नीटसाठी लातूरला क्लास लावायचा, त्यासाठी बापानं वावर विकलं तरी चालतंय, पण देवाबद्दलचं ज्ञान सिस्टरनं आठवीत कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला जेवढं शिकवलं तेवढ्यावरच जिंदगी काढायची. आन् मग पंचविशीत गावभर सांगत फिरायचं, की धर्मात काय दम नाही राव, सगळं लहान लेकरांसारखं आहे.

सप्टेंबरमधे हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला मात्र जायचंच, टेम्पो भरून. पाळण्यात बसा, रील काढा, मेणबत्ती लावून तलाठी भरतीचा नवस बोला. मागायचं तेवढं बिनधास्त मागा, फक्त ती काय सांगायली ते ऐकायच्या भानगडीत पडू नका. काना गावच्या लग्नात ती येशूबद्दल नोकरांना म्हणाली होती, हा सांगंल ते करा. तो उद्या आपल्याला काय करायला सांगंल काय भरोसा?

संत ठेवायचाच असंल तर कार्लो अकुतिस ठेवा डीपीला. आपल्यातलाच वाटतो, जीन्स, स्पोर्ट शूज, कॉम्प्युटरचा किडा. 1991 चा जन्म, 2006 ला ल्युकेमियानं गेला, जेमतेम 15 वर्षांचा, आन् 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओंनी त्याला संत जाहीर केलं. स्टेटसला एवढंच टाका. पोरगं रोज मिस्सेला जायचं आन् व्हिडिओ गेम आठवड्याला एकच तास खेळायचं, हे टाकू नका, उगं ग्रुपमधे वातावरण बिघडतं.

पोप फ्रान्सिस 2016 ला क्राकोवच्या युवा मेळाव्यात म्हणाले होते, की सोफ्यावर लोळण्याला सुख समजू नका. टेन्शन घेऊ नका, आपल्या रूमवर सोफाच नाही, गादी आहे.

माय रोज संध्याकाळी तुमच्या नावानं माळ ओढायली? ओढू द्या. संत मोनिकानं आपल्या पोरासाठी, पुढं संत झालेल्या ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, आन् त्या पठ्ठ्यानं 387 ला बाप्तिस्मा घेतला तवा तो 32 वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याकडं अजून बराच टाइम आहे. तो तवर स्वस्थ बसला नव्हता, हा पंथ बघ, तो विचार बघ, सत्य कुठं सापडतंय म्हणून धडका मारत होता, पण तेवढा भाग सोडून द्या.

या कामात आपल्या मोठ्या माणसांचं जे सहकार्य आहे त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच पाहिजेत. युवक म्हणजे मांडव, खुर्च्या आन् नाताळचा स्टार टांगायला शिडीवर चढणारा गडी, ही व्याख्या त्यांचीच. युवा मेळाव्यात तरुणांनी काय करावं यावर चार पाहुणे तासतासभर बोलतात, तरुणाच्या हातात माइक येतो तो हॅलो टेस्टिंगपुरता. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष कोण, तर एक कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो! आपल्याच मराठवाड्यात. मग त्या निमित्तानं पोरांना चार पुस्तकं वाचायला द्यायची का? छे, सत्काराचा फोटो फॉरवर्ड केला की जबाबदारी संपली.

एक धोका मात्र खरा आहे. कार्लोबरोबर त्याच दिवशी पिएर जॉर्जिओ फ्रसाती नावाचाही एक जण संत झाला. तुरीनच्या पेपरमालकाचा पोरगा, डोंगर चढायचा, मित्रांत रमायचा, आन् घरच्यांना पत्ता न लागू देता गरिबांच्या झोपड्यांत औषधं, पैसे पोचवायचा. 1925 ला 24 व्या वर्षी पोलिओनं गेला. अंत्ययात्रेला गोरगरिबांची एवढी गर्दी उसळली तवा घरच्यांना कळलं पोरगं काय करत होतं. असल्या ठिकाणी माणूस एकदा गेला की त्याला जगायचं कारण सापडतं आन् मग तो कामातून जातो. म्हणून फादर म्हणले, वस्तीतल्या लकवा झालेल्या आजीला ख्रिस्तप्रसाद द्यायला चाललोय, येतोस का, तर लगेच सांगायचं एमपीएससीचा क्लास आहे. रविवारी कसला क्लास रे, असं विचारलं तर म्हणा टेस्ट सिरीज.