डोंगरउतारावर पर्यावरणस्नेही लाकडी घर : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

शहराचा वीट आला असेल आणि निसर्गासाठी काही करावं असं मनापासून वाटत असेल, तर मुळशीकडे एखादा डोंगर बघून ठेवा. जमीन शेतीची निघेल आणि १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे घेणाराही शेतकरीच लागतो, पण घाबरू नका. आजोळच्या सातबाऱ्यावर कुठेतरी नाव चढवून घ्या. कांद्याची पात आणि लसणाची पात यांतला फरक तलाठी विचारत नाही.

१:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम आहे. इथे क्रमाला महत्त्व आहे : आधी जेसीबी, मग मोजणी. जेसीबी फिरला की तोच डोंगर कायद्यात चपखल बसतो. निघालेली माती खाली ओढ्यात लोटून द्या. ओढा खालच्या वाडीचा आणि वाडी तुमच्या व्ह्यूमध्ये येत नाही. २०१४ च्या जुलैत माळीणला काय झालं, हा विषय साइटवर काढू नये. आर्किटेक्टचा मूड जातो.

२०११ साली गाडगीळ समितीने पश्चिम घाटात नवी गिरिस्थानं नकोत असं लिहून दिलं होतं, हे कुणी ऐकवेलच. तुमचं तर एकच घर! वरच्या वळणावरच्या सगळ्यांचंही एकेकच आहे.

प्लॉटवर ऐन, हिरडा, जांभूळ उभे असतील. तिन्ही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मात्र मार्चमध्ये वणवा लागतो आणि तो कुणाची परवानगी घेत नाही. जागा मोकळी झाली की लाकूड मागवा, तेही परदेशी पाइनच. तो जहाजाने न्हावा-शेवाला उतरतो आणि ट्रेलरवरून घाट चढतो. इथला साग वापरला तर लोक जंगलतोड म्हणतात, तिकडच्या पाइनबरोबर सर्टिफिकेट येतं. पाहुण्यांना सांगायचं वाक्य पाठ करा : ‘सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, तो आपण भिंतीत कोंडून ठेवलाय.’ वाक्य खरं आहे, म्हणून तर कामाचं. जहाज आणि ट्रेलर किती डिझेल प्यायले ते कुणी विचारायच्या आत चहा मागवावा.

गावातल्या घरांकडे बघून काही शिकायला जाऊ नका. दगडी जोतं हात-दीड हात उंच, का तर ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये. वळचण इतकी खाली की आत शिरताना मान वाकवावी लागते, का तर पावसाची झोड भिंतीवर येऊ नये. तुमच्या मानेला असलं वळण नाही. तुम्ही छप्पर सपाट घ्या, वळचण काढूनच टाका आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावा. पाऊस नेमका तिकडूनच येतो, पण सूर्यास्तही तिकडेच असतो, त्याला काय करणार? एप्रिलमध्ये त्या काचेमागे भट्टी पेटेल, तेव्हा एसी लावा. रस्त्यावरून दिसतील असे सौर पॅनल छपरावर हवेतच. लाइट गेल्यावर एसी चालवायला मागे जनरेटर आहे.

जुलैत दारं फुगतील. जे लागत नाही ते उघडं ठेवावं, जे उघडत नाही त्याला भिंत समजावं. कुणी विचारलंच तर ‘लाकूड श्वास घेतं’ म्हणावं. फळ्यांवर बुरशी आली तर तीही जैवविविधताच.

बाकी बघायला मामा असतात. मामा म्हणजे ज्यांच्याकडून जमीन घेतली ते. त्यांना मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात ते दारात येऊन म्हणतील, ‘सायेब, वरचं समदं पानी हितनंच उतरतंय. आमच्या बानं हितं कधी गोठा बी घातला न्हाई.’ तुम्ही कौतुकाने मान डोलवा आणि त्यांना पौडला ताडपत्री आणायला पाठवा. निळी, अख्खं घर झाकेल एवढी. मासिकवाल्यांना फोटोसाठी बोलवायचं असेल तर मेमध्येच बोलवा.