गोळी मागावी कशी

इंदूरला शिकायला आलात, भंवरकुआंला खोली घेतलीत, आता तब्येत सांभाळणं तुमच्याकडे आलं. काळजी नको. डॉक्टरची फी आणि रांग दोन्ही वाचवणारी पद्धत तुमच्या सीनियर्सनी केव्हाच बसवून ठेवली आहे.

दुकानात काय होतंय ते सांगत बसू नका. मेडिकलवाला म्हणजे काय नाडी बघणारा वैदू आहे? थेट अँटिबायोटिकचं नाव घ्या: ‘भिया, अझिथ्रो पाचसौ, एक पत्ता.’ नाव आठवत नसेल तर रूममेटच्या जुन्या स्ट्रिपचा फोटो पुढे करा. त्याचे टॉन्सिल सुजले होते, तुम्हाला नुसती सर्दी आहे, आणि विषाणूची सर्दी अँटिबायोटिकला भीक घालत नाही. असू दे. स्ट्रिपवरची लाल रेघ ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नये’ म्हणून असते म्हणे. तुम्ही नक्षी समजा. दोन गोळ्यांत बरं वाटलं की थांबा, उरलेली पुढच्या आजाऱ्याला.

पेपरच्या आदल्या रात्री ताप आला, तर पॅरासिटॅमॉल सहाशे पन्नास घ्या आणि जोडीला सर्दीची गोळी. तिच्यातही पॅरासिटॅमॉल असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरात की वाचायला वेगळा चष्मा लागेल. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर जाऊ नये म्हणतात. त्याचा त्रास यकृताला, आणि यकृताला कुठे सेमिस्टर द्यायची असते! सर्दीच्या गोळीने पेपरात डुलकी लागली, तर शांत चित्ताने लिहिलंत असं समजा.

सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस, गराडूचा तळलेला कंद, वर जिलबी. सकाळी घशाशी जळजळ. पॅन्टोप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. पण अर्धा तास थांबलात तर पोहे गार होतात, मग इंदुरात राहून उपयोग काय? पोह्यांनंतरच घ्या.

आता उरला फार्मासिस्ट. भिंतीवर फ्रेममध्ये त्याचं प्रमाणपत्र टांगलेलं असतं. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध त्यानेच द्यायचं; काउंटरवर मात्र बहुधा क्रिकेट बघणारा एक पोरगा असतो, आणि तो काही विचारत नाही. हा आदर्श दुकानदार. दुकान बदलू नका.

खरा फार्मासिस्ट भेटलाच तर फार सांभाळून. तो विचारतो, ‘आणखी कुठली गोळी चालू आहे? कशाची ॲलर्जी? दुखतंय किती दिवस?’ रामबागच्या मावशीसुद्धा एवढ्या चौकश्या करत नाहीत, आणि त्या तर स्थळ बघतात. जुलाबाला तुम्ही झोकात अँटिबायोटिक मागावं, तर हा ओआरएसचं पाकीट पुढे सरकवून म्हणतो, ‘एक लिटर पाण्यात घालून प्या, रक्त पडलं किंवा ताप चढला तर डॉक्टरकडे जा.’ एवढ्या स्वस्तातलं दुखणं घरी फोनवर सांगायचं तरी कसं? समोरच दुसरं मेडिकल उघडं आहे.