तो पासवर्ड बदला हो!

जळगाव असो, भुसावळ असो की अमळनेर, कुणाच्याही घरी वायफायचा पासवर्ड काय? स्वतःचा मोबाइल नंबर! नाहीतर ओळीने एक ते आठ, १२३४५६७८. आणि राउटरच्या, म्हणजे त्या वायफायच्या डब्याच्या, सेटिंगचा? 'अ‍ॅडमिन', 'अ‍ॅडमिन'. वायर जोडायला आलेला पोरगा ठेवून गेला, तो वर्षानुवर्षे तसाच. बदला म्हटलं की नाना हसतात, "भाऊ, आपलं कोन काय लई जाई?"

अहो, काय नेणार म्हणजे? केळीचे पैसे ज्या मोबाइलवर बघता, तो याच वायफायवर आहे ना? राउटर ज्याच्या ताब्यात, तो तुम्हाला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो. ब्राउझर धोक्याचा इशारा देतो, पण तो वाचतं कोण? २०१६ साली 'मिराई' नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे आणि राउटर बळकावले. लाखो! त्यांच्या मालकांनाही हेच वाटत होतं.

घराला दोन-दोन कुलपं लावता, मग इथेच दार सताड उघडं का? पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यालाही वेळ नाही, आणि खातं रिकामं झालं की सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर विचारायला रात्री बाराला फोन!