मॅन पेज लिहायला या टूल बनवणाऱ्यांचं काय जातं?

नवीन टूल टाकलं, त्याचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये उघडणारं माहितीचं पान, बघायला हौसेनं 'मॅन' कमांड मारली, की ठरलेलं उत्तर: या नावाचं पानच नाही. अरे, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं पहिलं मॅन्युअल 1971 सालचं! तेव्हापासून चालत आलेली साधी शिस्त पाळायला होतं काय? एक टेक्स्ट फाइल, त्यात ट्रॉफ या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रामच्या चार खुणा, ती कमांडच्या पानांच्या 'मॅन1' फोल्डरमध्ये ठेवायची, झालं. एवढंही जिवावर येतं. वर हेल्पमध्ये लिहितात, वेबसाइट बघा. आणि त्या सर्व्हरला इंटरनेटच नसेल तर? रात्री सर्व्हिस बंद पडलेली असते, ऑप्शन आठवत नसतो, आणि हाताशी काही नाही. काहीजण पान देतात, पण कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलची माहिती फाइल्ससाठीच्या सेक्शन 5 ऐवजी कमांडच्या सेक्शन 1 मध्येच कोंबतात, उदाहरण एकही नाही. चीड येते नुसती. पान तयार नसेल तर टूल बाहेर सोडूच नका ना!