६१७४ च्या पुढचे कापरेकर पण सांगा ना

गणिती द. रा. कापरेकरांवरचा तुमचा लेख छान आहे पण कापरेकर म्हटलं की सगळे ६१७४ वरच थांबतात (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते), तुम्ही पण तिथेच थांबलात. आमच्या नाशिकचा माणूस, देवळालीत शाळेत शिकवायचे आणि १२१, १२३२१ सारख्या डेम्लो संख्यांवर केवढं काम करून ठेवलंय त्यांनी. त्यातलीच ही घ्या, १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. हा नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे.

साध्या कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावतच नाहीत, म्हणून मी नाशिकरोडला पोरांना शिकवते तेव्हा कागदावरच गुणाकार करायला लावते, नऊ ओळी एकेक घर सरकवत लिहायच्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, मग उभी बेरीज करताना पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, असं मधल्या घरात नऊ होतात आणि परत उतरत जातात, हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकडे इतके स्वच्छ दिसतात. दहा वेळा १ घेतले की मधे १० येतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, म्हणजे मांडणी मोडली!! पोरांना हे मोडलेलंच जास्त आवडतं, आणि मला वाटतं खरं गणित तिथेच कळतं.

अजून एक, अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भाग पण जातो. अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, त्यामुळे एकूण विभाजक ४५. पुढच्या लेखात डेम्लो संख्या घ्याच प्लीज.