आधी बोट परत आणा, टनेज मागाहून बघू

भावांनो, सायलेंट हंटर ३ ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायची २००५ सालची गेम, पण कोल्हापुरात ती जीव लावून खेळणारी पोरं अजून आहेत. नवीन पोरगं भेटलं की त्याला सगळे एकच विचारतात, शत्रूची किती टन जहाजं बुडवलीस (म्हणजेच टनेज)? मला हा प्रश्नच पटत नाही. लांबच्या गस्तीला बोट परत बंदराला लागली का, हे आधी विचारा.

पहिली गोष्ट डिझेल. टाइप ७सी ही जर्मन पाणबुडी १० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालवली तर साधारण ८,५०० सागरी मैल जाते, १७ नॉटने पिटाळली तर ३,२५० मैलांतच टाकी कोरडी. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्क एका बाजूनं ३,००० च्या आसपास. आता तुम्हीच हिशेब घाला. १९४२ ला अमेरिकेकडे निघालेल्या ७सी बोटींनी पिण्या-धुण्याच्या पाण्याच्या काही टाक्यांतसुद्धा डिझेल भरून नेलं होतं, ते उगाच नाही. परतीचं तेल बाजूला काढलं की त्याला हात लावायचा नाही, समोरून जहाजांचा अख्खा काफिला जाऊ दे.

दुसरी बॅटरी, आणि खरा जीव हिच्यात आहे. २०१९ च्या महापुरात ज्यांनी इन्व्हर्टरवर रात्री काढल्या त्यांना हे लगेच कळेल: एक बल्ब लावला तर पुरतो, फ्रिज लावला की संपलं. पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते, आणि ४ नॉटने ७सी सुमारे ८० मैल जाते. पूर्ण वेगात तीच बॅटरी बघता बघता तळाला जाते. विनाशिका डोक्यावर आली की खोल जा, २ नॉटवर या, टॉर्पेडो भरणं आणि दुरुस्ती बंद करा, आवाज नको. डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकलेले पाण्यात फुटणारे बॉम्ब, फुटायला लागले की मात्र पाण्यात एवढा गोंधळ उडतो की वरच्यांना काही ऐकू येत नाही. तेवढ्यातच वेग वाढवा, दिशा बदला, आणि स्फोट थांबायच्या आत परत सावकाश व्हा. हे जमलं की निम्मी लढाई जिंकली.

टाइम कॉम्प्रेशन, म्हणजे गेममधली वेळ कितीतरी पटीनं पळवायची सोय, याबद्दल मी फार कडक आहे. १०२४ पटीवर घड्याळातल्या एका सेकंदात समुद्रावरची सतरा मिनिटं जातात. तेवढ्यात १५० नॉटचं विमान चाळीसेक मैल कापतं. विमान दिसल्यावर गेम वेळ खाली आणते खरी, पण बुडी मारायला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढा वेळ हातात असेलच असं नाही. विमानांच्या पट्ट्यात वेळ कमी पटीवरच ठेवा. खुल्या समुद्रात दर काही तासांनी बुडी मारून हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, कान द्या. टेहळणीवाल्याला दिसतं त्याच्या कितीतरी पलीकडचं तिथं ऐकू येतं.

मी एवढं जीव तोडून सांगतोय कारण खरा इतिहास भयाण आहे. नाझी राजवटीच्या त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० जणांपैकी चारातले तीन परतले नाहीत. एकट्या मे १९४३ मध्ये ४१ बोटी गेल्या. शत्रूच्या रडारची चाहूल देणाऱ्या मेटॉक्स यंत्राला विमानांचं नवं १० सेंटिमीटरचं रडार ऐकूच येत नव्हतं. त्यामुळं गेममध्ये १९४३ उजाडलं की मेटॉक्स गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि परतताना फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या बिस्केच्या उपसागरात दिवसा पाण्याखालूनच या, वर यायचं ते रात्री, बॅटरी भरण्यापुरतं.