तीन फेऱ्यांनी टक्

आमच्या कोठ्यात आता गुरं नाहीत, लेथ आहे, म्हणजे धातू गरगर फिरवत कापून घडवायचं यंत्र. दारव्ह्याकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून मी ती उचलली. साडेचार फुटी बेड, पंजाबातल्या बटाल्याचं ओतीव काम. ट्रॅक्टरवरून उतरवायला आठ माणसं लागली आणि आठही जणांनी चहा पिता पिता विचारलं, "भाऊ, पन हे करते काय?"

तरुणपणी आयटीआयला दोन वर्षं टर्नरचा ट्रेड केला होता. पुढे जन्म गेला कचेरीत टिपणं खरडण्यात. निवृत्तीनंतर हौस उफाळून आली. बायको एवढंच म्हणाली, "गाय घेतली असती तं दूध तरी देल्लं असतं."

तरी गावाची कामं होतात. पंपाचा बुश, थ्रेशरची पुली, डवऱ्याचा एखादा बोल्ट. मध्यंतरी घरातली समई डुगडुगत होती, तिची बैठकही सरळ झाली. (ती यवतमाळच्या कारागिराकडून करून आणली, असं घरात ठरलेलं आहे. समई अर्धा इंच बुटकी झाली, तो दोषही त्याच्याच पदरात. सासरवाडची समई आहे, म्हणून सांगतो.)

त्याच आठवड्यात लेथ बोलायला लागली. टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्. स्पीड वाढवला की टकटक, आणखी वाढवला की नुसती खरखर.

आधी मी वीजमंडळाला शिव्या घातल्या. व्होल्टेज पडलं की सिंगल फेजची मोटर कण्हते, हा अनुभव रोजचा. पण बटण बंद केल्यावर वस्तू पकडून फिरवणारा चक आपल्या जोरावर गरगरत होता, तेव्हाही टक् सुरूच. म्हणजे वीज सुटली. पट्टा उतरवून मोटर एकटीच चालवली, ती मांजरासारखी गुरगुरली. म्हणजे मोटरही सुटली. शिव्या मात्र परत घेता येत नाहीत.

मग लांब पेचकस घेतला. टोक हेडस्टॉकवर, म्हणजे चकमागच्या पेटीवर, बेअरिंगच्या वर. मूठ कानाच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं सगळं ऐकू येतं. मी डोळे मिटून असा वाकलेला असतानाच चुलतभाऊ आला आणि दारातूनच ओरडला, "वहिनी, भाऊले करंट लागला!" त्यानं लाकडी फावड्याचा दांडा उगारलाही होता. एक इंचानं वाचलो.

बेअरिंग ठणठणीत होतं. पण तोवर ओरडा ऐकून माणसं जमली होती, आणि आमच्या गावात जमलेलं माणूस निदान केल्याशिवाय परत जात नाही. पंपवाला म्हणाला, बेरिंगच गेलं, लिहून घ्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पिस्टन असंन. लेथला पिस्टन नसतो, म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग म्हनूनच वाजते." आबाजींना तो आवाज शकुंतलेचा वाटला. यवतमाळ-मूर्तिजापूरची आमची ती छोटी गाडी १९९४ पर्यंत वाफेवर धावली. आबाजींनी खाली बसून तिच्या एकेका स्टेशनचं नाव घ्यायला सुरुवात केली. दारव्ह्यापर्यंत आले तेव्हा चहा झाला आणि मंडळी पांगली.

एकटा पडल्यावर सुचलं ते सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. गिअर जोडणारी-सोडवणारी टंबलरची कांडी न्यूट्रलला टाकली. चक फिरला, आवाज नाही. कांडी लावली, टक्. म्हणजे दुखणं डाव्या अंगाच्या गिअरांत. दोन वर्षांचा ट्रेड, आणि हे कळायला दोन दिवस आणि अर्धा किलो साखर.

आता कुठला गिअर? स्विच बंद केला, पट्टा उतरवला, चकवर खडूची रेघ मारली आणि हातानं फिरवत फेऱ्या मोजायला लागलो. पण चकच्या जबड्यांकडे पाहता पाहता आकडा चुकायचा. ओसरीवर बायको सुपात तूर निवडत होती. ती म्हणाली, "तुम्ही फिरवा, रेघ वर आली का बोला." मी "हं" म्हटलं की ती एक दाणा ताटलीत टाकायची. टक् झालं की दाण्यांची ढिगली वेगळी. दहा मिनिटांनी ताटली पुढे केली. सगळ्या ढिगल्या तीन-तीन दाण्यांच्या.

तीन फेऱ्यांनी एकदा! चक फिरवणाऱ्या दांड्याकडून, स्पिंडलकडून, येणारा गिअर चाळीस दात्यांचा, खालचा मोठा एकशेवीसचा. चक तीनदा फिरतो तेव्हा मोठा एकदा. दुखणं मोठ्याच्याच एका दात्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्रैराशिक उपयोगी पडलं, या आनंदात मी बायकोलाच बॅटरी धरायला लावली आणि झाकण उघडलं. इथेच चुकलो.

लोखंडाचा बुरादा लांब, वेटोळ्यांचा निघतो, जिथल्या तिथे पडतो. पितळेचं तसं नाही. बारीक सुया होऊन चहूकडे उडतात. आणि घाईच्या त्या दुपारी, बायको हळदीकुंकवाला गेलेली असताना, झाकण लावायचं राहिलं होतं.

दोन दात्यांच्या बुडाशी, काळ्या ग्रीसमध्ये, दाबून दाबून चपटं झालेलं काहीतरी चमकत होतं. मी दाभणानं उकरलं, फडक्यात दडवणार, तोच तिनं तळहात पुढे केला.

ग्रीस पुसून तिनं ते बॅटरीच्या उजेडात धरलं. पिवळंधमक. मी चक फिरवून दाखवला. तीन फेऱ्या, सहा, नऊ. कोठ्यात चिडीचूप.

"यवतमाळचा कारागीर," ती म्हणाली, "लय जवळ ऱ्हायते म्हना!"